मेंबरशिप घेण्याआधी एक भागाकार

१५ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला आणि नाशिकमध्ये गाडी असलेल्या घराघरांत एकच प्रश्न निघाला: घ्यायचा का? सुरुवातीची फी ३,००० रुपये. त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. लगेच हिशेब फिरायला लागला की ३,००० भागिले २०० म्हणजे फेरीला फक्त १५ रुपये. टोलनाक्यावर एरवी किती कापले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे, मग विचार कसला करायचा?

विचार करायचा तो त्या २०० चा. फेरीला १५ रुपये हा आकडा खरा आहे, पण तो दोनशेच्या दोनशे फेऱ्या करणाऱ्यासाठी. वर्षभरात २० च फेऱ्या झाल्या तर तोच पास फेरीला १५० रुपयांना पडतो.

जिमची वर्षाची फी, बॅडमिंटन कोर्टाची मेंबरशिप, सिटीलिंक बसचा महिन्याचा पास, हॉटेलचं सवलत कार्ड, घरपोच सामान मागवायच्या ॲपचं सदस्यत्व, सगळीकडे हाच पेच असतो. आज थोडी जास्त रक्कम द्या, पुढे प्रत्येक वेळी कमी द्या. हा पेच आठवी-नववीच्या बीजगणितानं सुटतो. शाळेत क्षची किंमत काढताना 'याचा उपयोग काय' असं ज्यांना वाटलं असेल, त्यांना तो इथे रोख रुपयांत मिळतो.

टँकर की बोअर

पाणी कमी पडलं की सोसायटीपुढे दोन वाटा असतात. टँकर मागवला तर प्रत्येक खेपेचे पैसे. बोअर घेतली तर सुरुवातीला मोठी रक्कम, नंतर फक्त मोटारीची वीज. वर्षातून दोन टँकर लागणारी सोसायटी बोअर घेत नाही, उन्हाळाभर रोज टँकर मागवणारी घेते. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी एक आकडा आहे, जिथे दोन्हींचा खर्च सारखा होतो. तो शोधायचा, म्हणजे निम्मं काम झालं.

त्यासाठी चार अक्षरं पुरतात. सदस्यत्वाची फी ती फ. सदस्य नसताना एका वेळेला लागणारा दर तो द. सदस्य झाल्यावरही एका वेळेला जे द्यावं लागतं ते स. काही ठिकाणी हे शून्य असतं. आणि ठरलेल्या मुदतीत आपण किती वेळा ती सोय वापरणार, तो क्ष.

सदस्य नसताना एकूण खर्च = द × क्ष
सदस्य असताना एकूण खर्च = फ + स × क्ष

दोन्ही सारखे मांडले की

क्ष = फ ÷ (द − स)

उत्तर आलं की त्याला बरोबरीचा आकडा म्हणू. आपला वापर त्याहून जास्त असेल तर सदस्यत्व परवडतं, कमी असेल तर सुट्टे पैसे देणंच बरं. उत्तर अपूर्णांकात आलं तर वरचा पूर्ण आकडा धरायचा, कारण अर्धी फेरी कोणी करत नाही.

साधं उदाहरण घेऊ. बसचं तिकीट २० रुपये आणि महिन्याचा पास ८०० रुपये आहे असं समजा. ८०० ÷ २० = ४०, म्हणजे महिन्यात ४० वेळा बसमध्ये चढलात की पास वसूल. सातपूरला कामाला जाऊन-येऊन २५ दिवस झाले तर ५० वेळा होतात आणि पास स्वस्त पडतो. पण त्याच महिन्यात दिवाळीची सुट्टी आली, चार दिवस गावी गेलात, दोन दिवस कुणीतरी दुचाकीवर सोडलं, की १९ दिवस उरतात. ३८ वेळा. पास अंगावर आला. सूत्र तेच आहे, क्ष बदलला.

आता फास्टॅगचा पास, नीट उलगडून

या पासात फेरी कशाला म्हणायचं, इथेच बहुतेकांची गफलत होते. आपल्या भागातल्या साध्या टोलनाक्यांवर एकदा नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते. घरून निघून घरी परत येणं ही एक फेरी नव्हे. जुन्या महामार्गानं नाशिकहून मुंबईला निघालं की घोटीला एक नाका आणि पडघ्याजवळ अर्जुनलीला दुसरा. जाताना दोन, येताना दोन, म्हणजे एका मुंबईवारीत चार फेऱ्या खर्ची पडतात. मुंबईच्या वेशीवरचे मुलुंड, ऐरोली वगैरे पाच नाके लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहेत, ते या हिशेबात येत नाहीत.

पासधारकाला नाक्यावर काही द्यावं लागत नाही, म्हणून स शून्य. सुरुवातीची फी धरली तर फ ३,०००. सरकारनं फी बदलली की फ बदलायचा, बाकी काही नाही. द म्हणजे आपल्या नाक्यांवर कापली जाणारी रक्कम. ती नाक्यानाक्याला वेगळी असते, तेव्हा आपल्या फास्टॅगच्या मेसेजमधूनच घ्या. हिशेबाच्या सोयीसाठी मी सरासरी १०० धरतो.

३,००० ÷ १०० = ३०. तीस वेळा नाका ओलांडला की बरोबरी झाली. मुंबईवारीत चार, म्हणून ३० ÷ ४ = साडेसात. आठ वाऱ्या करणाऱ्याला पास परवडतो.

पण इथे एक बारीक गोष्ट राहते, आणि ती फार कमी जण धरतात. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परतणाऱ्याला सवलत आहे. जाऊन-येऊन मिळून दुप्पट नाही, दीडपट शुल्क लागतं. फास्टॅगमधून परतीला आपोआप निम्मीच रक्कम कापली जाते. म्हणजे सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्याला दोन वेळचे मिळून २०० नाही, १५० लागतात. त्याचा खरा द ७५ झाला. मग ३,००० ÷ ७५ = ४० फेऱ्या, म्हणजे दहा मुंबईवाऱ्या. पासात मात्र ही सवलत नाही, जाताना एक आणि येताना एक अशी फेरी पूर्णच मोजली जाते. मुक्काम करून येणाऱ्याला आठ वाऱ्या पुरतात आणि त्याच दिवशी परतणाऱ्याला दहा लागतात, तेही त्याच रस्त्यावर, त्याच गाडीला.

दुसरी बारीक गोष्ट समृद्धी महामार्गाची. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून कसारा घाट टाळायला बरेच नाशिककर तिकडून जातात. समृद्धी हा राज्य रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे. तिथे हा पास चालत नाही, फास्टॅगमधून नेहमीसारखे पैसे कापले जातात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचंही तसंच. म्हणून समृद्धीवरून केलेला प्रवास क्षमध्ये धरायचा नाही.

एका घराचा वर्षाचा प्रवास मांडून बघू. समजा मुंबईच्या पाच वाऱ्या झाल्या, तीन मुक्कामाच्या आणि दोन त्याच दिवशी परतीच्या. पुण्याला दोनदा जाणं झालं, दोन्ही वेळा मुक्काम. पुण्याच्या वाटेवर शिंदे, हिवरगाव पावसा, चाळकवाडी असे तीन नाके धरले तर एका वारीत सहा फेऱ्या. सुट्टे पैसे दिले असते तर:

मुंबई, मुक्कामाच्या: ३ × ४ × १०० = १,२००
मुंबई, त्याच दिवशी: २ × ४ × ७५ = ६००
पुणे: २ × ६ × १०० = १,२००

एकूण ३,०००, नेमकी पासाची किंमत. पास घेतला काय आणि न घेतला काय, घर त्याच जागी. यातली एक मुंबईवारी समृद्धीवरून झाली तर पास तोट्यात, आणि एखादी शिर्डी-संभाजीनगरची किंवा धुळ्याकडची फेरी वाढली, वाटेत राष्ट्रीय महामार्गाचा नाका लागला, तर फायद्यात. गाडी आहे म्हणजे पास हवाच असं नाही, आणि पास म्हणजे फसवणूक असंही नाही. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं निघतं, म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपल्याला चालत नाही.

पास गाडीला असतो, माणसाला नसतो. घरात दोन गाड्या असतील तर हा हिशेब प्रत्येक गाडीसाठी वेगळा करावा लागतो. दोन्ही गाड्यांच्या फेऱ्या एकत्र करून ३० चा आकडा गाठला आणि पास एकाच गाडीवर घेतला, असं करू नका.

रोज नाका ओलांडणाऱ्यांचं काय?

पिंपळगाव बसवंतचा किंवा शिंदेचा नाका ओलांडून जो रोज नोकरीला जातो, त्याला बरोबरीच्या आकड्याची काळजी नाही. त्याला वरची मर्यादा आडवी येते. दिवसाला दोन, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५० फेऱ्या. दोनशे फेऱ्या चार महिन्यांत संपतात. वर्षाला तीन पास लागले तर ९,००० रुपये, महिन्याला ७५०.

अशा माणसानं पासाची तुलना सुट्ट्या टोलशी करून भागत नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, खासगी वापराच्या गाड्यांसाठी स्थानिक मासिक पासाची सोय नियमांत आहे. तो त्या एका नाक्यापुरताच चालतो. पण रोजचं काम त्याच नाक्यावरून असेल आणि तो महिन्याला ७५० पेक्षा स्वस्त पडत असेल, तर वार्षिक पासापेक्षा तोच बरा. नाक्यावरच्या कार्यालयात चौकशी करायला पाच मिनिटं लागतात.

आणि पास संपल्यावर? समजा दहाव्या महिन्यात २०० फेऱ्या झाल्या. आता 'अजून दोनच महिने उरलेत' असा विचार करायचा नाही. नवा पास घेतला की त्याचं वर्ष त्या दिवसापासून नव्यानं सुरू होतं. प्रश्न इतकाच की पुढच्या बारा महिन्यांत ३० किंवा ४० फेऱ्या होणार आहेत का.

क्ष कुठून आणायचा?

भागाकार कोणीही करेल. फ, द आणि स छापील असतात. क्ष मात्र आपला आपल्याला सांगावा लागतो, आणि त्या सांगण्यात माणूस स्वतःला फार सवलत देतो. मला या सगळ्या विषयात महत्त्वाचं वाटतं ते हेच. क्ष पुढच्या वर्षाच्या मनसुब्यातून घेऊ नका, मागच्या वर्षाच्या नोंदीतून घ्या.

फास्टॅगच्या बाबतीत नोंद तयारच आहे. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या ॲपमध्ये बारा महिन्यांचं स्टेटमेंट निघतं. नाक्याचं नाव, तारीख, कापलेली रक्कम. समृद्धीचे आणि राज्य महामार्गांचे व्यवहार वगळून बाकीची बेरीज करायची. बेरीज पासाच्या फीपेक्षा जास्त असेल तर घ्या. परतीची सवलत त्या बेरजेत आधीच धरलेली असते, त्यामुळे अक्षरांचीही गरज पडत नाही.

जिम, तरणतलाव, योगवर्ग यांच्यासाठी अशी नोंद नसते आणि घोळ तिथेच होतो. अर्थशास्त्रज्ञ स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सदस्यांची तीन वर्षांची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सदस्य सरासरी महिन्यातून ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका वेळेला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच क्लबात दहा वेळांचा पास होता, त्यात एक वेळ १० डॉलरला मिळत होती. ही माणसं हिशेबात कच्ची होती असं नाही. त्यांनी भागाकार बरोबर केला असेल, पण मनातला क्ष मोठा होता.

नाशिकपुरतं बोलायचं तर वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. तरणतलावाची वर्षाची फी एप्रिलच्या उन्हात भरली जाते. डिसेंबरमध्ये निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की सकाळी सहाच्या बॅचला किती वेळा उठणं होतं, तो आकडा खरा. त्यात मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, गावची जत्रा. समजा महिन्याची फी ८०० आणि वर्षाची ६,००० आहे. ६,००० ÷ ८०० = साडेसात. आठ महिने नेमानं जाणार असाल तर वर्षाची फी भरा. 'वर्षाची घेतली तर ३,६०० वाचतात' असं काउंटरवर सांगतात, ते बारा महिने जाणाऱ्यासाठी खरं आहे. सहा महिने जाणाऱ्याचे १,२०० जास्त जातात.

फी विचारताना जीएसटी धरून विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगवर्गांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीच्या पत्रकावरचा आकडा आता लागू नाही.

'पण आधी पैसे भरले की जायला भाग पडतं'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पूर्ण चुकीचा नाही. काहींच्या बाबतीत भरलेली फी खरंच अंथरुणातून उठवते. पण वरच्या अभ्यासातल्या लोकांनीही पैसे आधीच भरले होते आणि ते महिन्यातून चारदाच आले. फीचा धाक पहिले काही आठवडे टिकतो. आपल्यावर तो किती टिकतो हे तपासायला स्वस्त उपाय आहे. आधी एक-दोन महिने महिन्याची फी भरून बघायचं आणि जाण्याचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजायचे. तो महिना थोडा महाग पडतो, पण त्या जास्तीच्या पैशांत खरा क्ष हाती येतो. बहुतेक सदस्यत्वं उद्याही मिळणार असतात. 'आजच घेतलं तरच' असं कुणी म्हणत असेल तर ती ऑफर पुढच्या महिन्यात पुन्हा येते का, तेवढं पाहा.

दोनच पर्याय नसतात तेव्हा

बॅडमिंटन कोर्टाचं उदाहरण घेऊ, आकडे मी ठरवलेले आहेत. सदस्य नसाल तर एका वेळेचे १०० रुपये. साधी मेंबरशिप १,००० रुपये, मग वेळेला ६०. मोठी मेंबरशिप ३,००० रुपये, मग वेळेला २०.

काउंटरवर मोठ्या मेंबरशिपची तुलना नेहमी 'मेंबरशिप नाही' याच्याशी करून दाखवतात. ३,००० ÷ (१०० − २०) = साडेसदतीस. म्हणजे ३८ वेळा खेळलात की मोठी वसूल. तुम्ही वर्षाला ४० वेळा खेळता. मग घ्यायची ना?

नाही घ्यायची. ४० वेळांचा खर्च तिन्ही वाटांनी काढा. मेंबरशिपशिवाय ४,०००. मोठीत ३,००० + ८०० = ३,८००. साधीत १,००० + २,४०० = ३,४००. मोठी 'वसूल' झाली खरी, पण साधी तिच्याहून ४०० रुपयांनी स्वस्त होती. मोठीची तुलना साधीशीच करायला हवी होती:

१,००० + ६० × क्ष = ३,००० + २० × क्ष
४० × क्ष = २,०००
क्ष = ५०

साधीचा स्वतःचा बरोबरीचा आकडा १,००० ÷ ४० = २५. आता नकाशा पूर्ण झाला. २५ पर्यंत सुट्टे पैसे, २५ ते ५० साधी, ५० च्या पुढे मोठी. महागड्या पर्यायाची तुलना नेहमी त्याच्या लगतच्या स्वस्त पर्यायाशी करायची, सगळ्यात तळाच्या पर्यायाशी नाही. मोबाईलचे प्लॅन, ओटीटीचे प्लॅन, सगळीकडे हे लागू पडतं.

दोन्ही बाजूंना क्ष असलेलं हे समीकरण आपल्याकडे फार जुनं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' या ग्रंथात एक गणित घातलं आहे. एकाकडे ३०० नाणी आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. घोड्यांचा भाव सारखा आणि दोघांची संपत्तीही सारखी. तर एका घोड्याची किंमत काय? ३०० + ६ × क्ष = १० × क्ष − १००, म्हणून ४ × क्ष = ४०० आणि घोडा १०० नाण्यांचा. एकाकडे रोकड जास्त, दुसऱ्याकडे घोडे जास्त, आणि दोघं बरोबरीला येतात ती जागा शोधायची. कोर्टाच्या दोन मेंबरशिप मांडल्या की गणिताचा सांगाडा हाच निघतो.

टक्केवारीची कार्डं

सवलत कार्डात वेळा मोजायच्या नसतात, खरेदीची रक्कम मोजायची असते. ५०० रुपयांचं कार्ड, १० टक्के सवलत. ५०० ÷ ०.१० = ५,०००. वर्षात त्या दुकानात ५,००० च्या वर खरेदी होणार असेल तर कार्ड परवडतं.

इथे बारीक अक्षरं वाचावीच लागतात. समजा हॉटेलचं ५०० रुपयांचं कार्ड '२० टक्के सूट' म्हणतं, पण खाली 'एका बिलावर जास्तीत जास्त १०० रुपये' असं लिहिलेलं आहे. चौघांचं बिल १,२०० झालं. २० टक्के म्हणजे २४० वाचतील असं वाटतं, आणि त्या हिशेबानं तीन जेवणांत कार्ड वसूल. प्रत्यक्षात १०० च वाचतात आणि पाच जेवणं लागतात. सूत्रातला फरक इतकाच की टक्केवारीच्या जागी मर्यादेची रक्कम घालायची.

याहून मोठा खड्डा वेगळा आहे. कार्ड असल्यामुळे जी खरेदी वाढली, ती बचतीच्या बाजूला लिहायची नाही. एरवी पाच वेळा बाहेर जेवणारं घर कार्डामुळे सात वेळा गेलं, तर त्या दोन जास्तीच्या जेवणांत २०० रुपये वाचले नाहीत, २,२०० रुपये गेले. जेवण आवडलं, मुलं खूश झाली, तर ते पैसे खुशाल खर्च करा, पण ते खर्चाच्या रकान्यात लिहा. घरपोच सामानाच्या ॲपमध्ये 'डिलिव्हरी फुकट' झाल्यावर हेच होतं. आधी आठवड्याला एक यादी जायची, आता कोथिंबिरीसाठी वेगळी ऑर्डर जाते. बरोबरीच्या आकड्यात कार्ड घेण्याआधीच्या ऑर्डर धरायच्या.

'सगळंच पैशात मोजायचं का?'

नाही. पण मोजून मग सोडणं आणि न मोजताच सोडणं यात फरक आहे. समजा बरोबरीला ३० फेऱ्या हव्यात आणि तुमच्या २६ होतात. तूट चारशे रुपयांची. नाक्यावर बॅलन्स संपल्याची कटकट नको, वर्षभर बघायला नको, याला तुमच्या लेखी ४०० रुपयांचं मोल असेल तर पास घ्या, अगदी योग्य आहे. फेऱ्या १० च होत असतील तर तेच समाधान दोन हजारांना पडतंय, हे माहीत असावं. बीजगणित तुम्हाला नाही म्हणत नाही, किंमत सांगतं.

काही सदस्यत्वांत हिशेब इतका एकतर्फी निघतो की क्षची चिंताच उरत नाही. वाचनालयं त्यातली. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. अशा ठिकाणी काही रक्कम अनामत म्हणून ठेवावी लागते आणि लोक ती फीमध्ये मिळवून बिचकतात. अनामत परत मिळते, म्हणून ती फ नाही. तिचं बुडालेलं व्याज तेवढा खर्च. १,००० रुपये अनामत असेल आणि बँक ७ टक्के देत असेल, तर वर्षाला ७० रुपये. त्यात वर्षाची वर्गणी मिळवा आणि एका नव्या पुस्तकाच्या किमतीशी ताडून बघा. महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्या घराला आकडेमोडीची गरजच पडत नाही. वर्गणी भरा आणि दोन पुस्तकं घेऊन घरी या.

पैसे भरून झाल्यावर

पास घेतला की मन म्हणायला लागतं, आता वसूल केला पाहिजे. इथे गणित बरोबर उलटं बोलतं. फी भरून झाली, ती आता दोन्ही बाजूंना सारखीच आहे. जा किंवा जाऊ नका, ३,००० परत येणार नाहीत. समीकरणात दोन्हीकडे असलेलं पद खोडतात, तसं ते खोडायचं. यापुढच्या प्रत्येक फेरीचा निर्णय फक्त त्या फेरीच्या खर्चावर.

आणि तो खर्च शून्य नसतो. नाशिक ते मुंबई साधारण १६५ किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर ११ लिटर पेट्रोल. लिटरला १०० रुपये धरले तरी एका बाजूचे १,१००, जाऊन-येऊन २,२००. वाचलेला टोल चार नाक्यांचा ४०० रुपये. एरवी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसनं गेला असतात, पण 'पास आहे ना' म्हणून गाडी काढलीत, तर ४०० वाचवायला २,२०० चं पेट्रोल जाळलं. गाडी न्यायची कारणं दुसरी असू शकतात: सोबत आई-वडील आहेत, सामान आहे, परतायला उशीर होणार आहे. त्या कारणांसाठी गाडी काढा. पासासाठी काढू नका.

क्ष आणि फी यांची गाठ पुन्हा पडते ती पास संपताना. तोवर हाती पूर्ण वर्षाचा खरा आकडा आलेला असतो, पण त्यातल्या 'पास आहे म्हणून' केलेल्या फेऱ्या वजा केल्याशिवाय तो सूत्रात घालू नका. ॲपवरच्या सदस्यत्वांत तर पैसे आपोआप कापले जाऊन मुदत वाढते आणि आकडा बघायची वेळच येत नाही. ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून ठेवा आणि मुदत संपायच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. त्या दिवशी स्टेटमेंट उघडून दहा मिनिटं बसलात की पुढच्या वर्षाचं उत्तर मिळतं.